‘तातडीचे’ यास खुले पत्र

तातडीचे,

तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहिणार नाही. ‘माननीय’ तर नाहीच. तुला मी वीस वर्षांहून जास्त ओळखतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी शिकवतो. मुख्याध्यापकाचा पदभारही माझ्याकडेच आहे, त्यामुळे तू सरळ माझ्याकडे येतोस. तुझ्याशी एकट्याने बरंच भांडून झालं. आता चारचौघांत बोलायचं आहे.

गेल्या आषाढातली गोष्ट. बाहेर पागोळ्यांची धार लागलेली, आणि आत तिसरी-चौथीच्या मिळून अकरा मुलांसमोर टीव्हीवर कशेळीचा हत्ती. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेलं ते कातळशिल्प साधारण १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. सड्यावर उभं राहिलं तर हा हत्ती दिसत नाही. पायाखाली नुसते चर दिसतात. सोंड कुठली, पाय कुठला, काही लागत नाही. पिढ्यानपिढ्या गुराखी त्याच्यावरून गुरं हाकत गेले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी उन्हातान्हात सडे पालथे घातले, तेव्हा उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली ही चित्रं लोकांसमोर आली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली. आकाशातून घेतलेल्या चित्रात तो हत्ती अख्खा दिसतो, आणि सड्यावर वाढलेल्या माझ्या पोरांना तो अख्खा दाखवायचा होता. फळ्यावर खडूने काढून ते होत नाही. पुस्तकातल्या दोन बोटांच्या चित्राने होत नाही. शाळेत यंत्र कशाला हवं, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला हा तास दाखवीन.

चित्रं आदल्या रात्री वरच्या सड्यावर जाऊन फोनमध्ये उतरवून आणली होती, कारण शाळेत रेंज येते ती दाराच्या उजव्या कोपऱ्यात, तीही वारा असेल तशी. फोन तारेने टीव्हीला जोडलेला. मुलं उठून पडद्यापाशी आली होती आणि बोटाने हत्तीची पाठ गिरवत होती. एकाने विचारलं, “गुरुजी, त्या मानसांना तो वरसून दिसत नव्हता, मग काढला कसा?” त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, आणि मास्तराला ज्या क्षणासाठी नोकरी करावीशी वाटते तो क्षण हाच असतो.

तेवढ्यात तू आलास. हत्तीच्या पाठीवर पांढरी पट्टी उमटली: ‘अतितातडीचे. सर्व मुख्याध्यापक. सोबतच्या लिंकमध्ये आज दुपारी १२ पूर्वी माहिती भरावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’

तिसरीतली एक मुलगी त्याच वर्षी सलग वाचायला लागली होती. पडद्यावर जे येतं तो धडाच, अशी तिची समजूत. ती उभी राहिली आणि तिने मोठ्याने वाचलं: “अ-ति-ता-त-डी-चे.” आमच्याकडे एकाने वाचलं की बाकीचे मागून म्हणतात. अकरा तोंडांनी तुझं नाव घेतलं. मग तिने विचारलं, “गुरुजी, म्हंजे काय?”

साडेअकरा वाजत आले होते. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी तार काढली, टीव्ही बंद केला, मुलांना पाठ दहाचं शुद्धलेखन घातलं आणि दाराच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. लिंक उघडायला वीस मिनिटं लागली. माहिती निरंक होती.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तू पूर्वी असा नव्हतास. मी नोकरीला लागलो तेव्हा तू खाकी लिफाफ्यातून यायचास. वर लाल शाईने तुझं नाव, खाली दोन रेघा. पंचायत समितीतून केंद्रशाळेत, तिथून बाजाराला गेलेल्या कुणाच्या तरी पिशवीत, साकव ओलांडून, पाखाडी चढून तू शाळेत पोचायचास. पोचेपर्यंत तुझी मुदत बहुतेक टळलेली असायची, आणि तेवढ्याने कुठल्या मुलाचं नुकसान झाल्याचं मला आठवत नाही. तुला काढायला कागद लागत होता, टंकलेखन लागत होतं, घेऊन जायला माणूस लागत होता. म्हणून तुला काढणारा कारकून चार माहित्या एकत्र करून एकदाच मागायचा. फोन आला आणि तुला पाठवायला काही म्हणता काही लागेनासं झालं. एक बोट पुरतं. तुझं उत्तर द्यायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, आणि तो वेळ वर्गातून जातो. विचारणं फुकट आणि सांगणं महाग, असा हा सौदा झाला. तुझ्यावरचा माझा आरोप एवढाच आहे, आणि तो मी पुराव्यानिशी मांडणार आहे.

शाळेत यंत्रं आणायची ती मुलांसाठी, असं ठरलं होतं. ठरवणारी माणसं खोटी नव्हती. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेतला पोरगा. गावात एकाच घरी टीव्ही, आणि त्यावर मराठीतून, आमच्यासाठी म्हणून, काही दिसतंय याचं केवढं अप्रूप होतं. राज्याकडे स्वतःची शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था होती, लोक होते, चित्रफितींचा साठा होता. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. ज्या वर्षी केंद्राने ‘दीक्षा’ हे डिजिटल धड्यांचं व्यासपीठ सुरू केलं आणि प्रत्येकाच्या खिशात पडदा येऊ लागला, नेमक्या त्याच वर्षी मराठी मुलांसाठी चित्रं करणारं घर आपण मोडलं. त्याचं दुःख मला आजही होतं.

मग माध्यमिक शाळांतले संगणककक्ष. राज्यातल्या ८००० शाळांना टप्प्याटप्प्याने ते मिळाले, ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या बोलीवर. पाच वर्षं कंपनीने चालवायचे, संगणक शिकवणारा माणूसही कंपनीनेच नेमायचा. पाच वर्षं संपली की करार संपला आणि तो माणूस घरी गेला. यंत्रं शाळेला मिळाली, ती चालवणारा गेला. असे कक्ष मी पाहिले आहेत. खिडकीतून पावसाची ओल आत आलेली, तारा उंदरांनी कुरतडलेल्या, पडद्यांवर प्लॅस्टिकचं कव्हर अजून तसंच.

त्यानंतर २०१५ आलं. २२ जूनचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, आणि शिक्षक स्वतःहून उठले. हे मी ठासून सांगतो, कारण शिक्षकाला नवं काही नको असतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी टॅबवर वर्ग चालवून दाखवला होता. तो बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, रजा टाकून, पदरचं भाडं घालून. मी त्यातला एक. परत आलो तो डोक्यात किडा घेऊनच. गणपतीत चाकरमानी गावी आले तेव्हा आरती झाल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, शाळेला टीव्ही पाहिजे. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळात रंगकाम करणारे आहेत, कुरिअरचे डबे उचलणारे आहेत, एका कापडदुकानात तीस वर्षं उभे राहिलेले एक अण्णा आहेत. त्यांनी पुढच्या शिमग्याला टीव्ही आणून दिला. त्याच्यावर नावं घालू म्हटलं, तर अण्णा म्हणाले, “गुरुजी, नावं कशाला? पोरं बघतील ना, बस.”

कोकणातल्या वाडीवाडीच्या शाळांत असे टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब लोकांच्या पैशातून आले. सरकारी तिजोरीतून आले ते थोडे. तू त्या दिवशी हत्तीच्या पाठीवर बसलास तो पडदा अण्णांचा होता, हे तुला माहीत असायला हवं.

आणि स्वतःची साधनं स्वतः करणारा मास्तर या जिल्ह्याला नवा नाही. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक मूळचे दापोलीजवळच्या चिखलगावचे, रत्नागिरीत शिक्षक होते. त्यांनी स्वतः त्रिकोणमितीवर, व्याकरणावर पुस्तकं लिहिली. त्या काळी छापील पुस्तक हेच नवं तंत्रज्ञान होतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून त्यांनी धड्यामागे आवाज आणि चित्र उभं केलं. पुढे राज्याच्या सगळ्या पुस्तकांत ते कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या संध्याकाळी आमच्या बाईंचा फोन आला, त्यांना बोलता येईना, रडू येत होतं. जिल्हा परिषदेचा शिक्षक जगात पहिला! मग सत्कार झाले, फलक लागले, भाषणं झाली: प्रत्येक शाळेत असा शिक्षक हवा. मी त्या भाषणांतल्या लोकांना विचारतो, असा शिक्षक घडायला काय लागतं? एका शांत संध्याकाळी बसून पुढच्या आठवड्याच्या धड्यासाठी चित्रफीत करणं लागतं. ती फसली की पुन्हा करणं लागतं. वेळ लागतो. आणि वेळ, तातडीचे, तू खातोस.

टाळेबंदीत तू काय केलंस ते सांगू? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात माडपोफळी आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला राज्यातून फोनवर यायची. ती करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती, ती चांगली होती, आणि ज्याच्या घरी फोन होता त्याला तिचा उपयोगही झाला. आमच्या वाडीवर बावीस मुलांमागे चालू अवस्थेतले स्मार्टफोन पाच. ते बाप कामावर निघाले की त्यांच्याबरोबर जायचे. “गुरुजी, हितं रेंज नाय गावायची,” हे वाक्य मी त्या वर्षी रोज ऐकलं. बाई आणि मी आठवड्यातून तीन दिवस वाडीत फिरायचो, ओट्यावर चार-चार मुलं लांब बसवायचो, फोनमध्ये आणलेले धडे दाखवायचो. आम्ही दोघं तेव्हा तंत्रज्ञान अक्षरशः खांद्यावर वाहून नेत होतो. संध्याकाळी घरी आलो की तू वाट बघत असायचास: आज किती विद्यार्थ्यांनी अभ्यासमाला पाहिली, टक्केवारी कळवा. ज्या शाळांनी भरलं नाही त्यांची यादी, नावं लाल रंगात. त्यात आमचं नाव होतं. ज्या दिवशी सर्वांत जास्त शिकवलं, त्या दिवशीच्या यादीत आम्ही लाल होतो.

आता एका मुलाची गोष्ट, तीही पुरी ऐक. पहिलीत नाव दाखल झालं. आईने जन्मदाखल्यावरचं नाव सांगितलं, ते मी रजिस्टरला शाईने लिहिलं. मग तेच नाव ‘सरल’मध्ये भरलं, ती प्रणाली २०१५ पासून आहे. मग यू-डायस प्लसमध्ये भरलं. पोषण आहाराच्या रोजच्या नोंदीत तो एक आकडा झाला. मग आधार. आधारवर त्याच्या नावात एक अक्षर वेगळं, आणि जन्मतारीख १ जानेवारी. आधार काढताना ज्यांचा दाखला बरोबर नसतो ती सगळी मुलं १ जानेवारीलाच जन्मलेली असतात. आता यंत्र म्हणतं, जुळत नाही. जुळलं नाही तर तो पटावर धरला जात नाही, आणि पटावरून शिक्षकांची पदं ठरतात. मुलगा माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसून बोरं खातोय, आणि संगणकाच्या दृष्टीने तो नाही. त्याच्या आईला मजुरी बुडवून तालुक्याच्या सेवा केंद्रात दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा सर्व्हर बंद होता. दुसऱ्यांदा मी रजा टाकून बरोबर गेलो. ते सुटलं तोवर ‘अपार’ क्रमांक आला, पालकांचं संमतिपत्र आलं, आणि मागोमाग तू आलास: आज शंभर टक्के.

धोंडो केशव कर्वे मुरुडचे. १८७५ च्या सुमारास पोरवयात परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवलं. इतक्या लांबून चालत आलेल्या मुलाला काय येतं हे कुणी विचारलं नाही. आमच्या तालुक्याच्या सेवा केंद्राबाहेर, कडेवर धाकटं घेऊन उभ्या असलेल्या त्या आईकडे बघताना मला मुरुडचा तो मुलगा आठवत होता.

नोंदी नकोत असं मी म्हणत नाही. मूल शाळा सोडून गेलं तर कळलं पाहिजे, तांदूळ कुणी खाल्ला तेही कळलं पाहिजे. पण एकदा सांगितलेलं तुम्ही एकमेकांना विचारा ना. पाच प्रणाल्या आहेत, पाचही सरकारच्या, आणि त्यांचे एकमेकींना निरोप पोचवणारा माणूस मी.

कायदा तुझ्या बाजूचा नाही, हेही लक्षात ठेव. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. २०२४ मध्ये राज्याने शासन निर्णय काढून शैक्षणिक कामं कुठली, अशैक्षणिक कुठली, याची वर्गवारीही केली. तू मात्र सुटलास, कारण प्रत्येक लिंक कुठेतरी शिक्षणाशी संबंधित असतेच. मुलांनी वृक्षारोपण केलं, फोटो टाका. शपथ घेतली, फोटो टाका. हात धुतले, स्थळ-वेळेच्या नोंदीसह फोटो टाका. मुलं हात धुतात तेव्हा मी त्यांच्या नखांकडे बघायला हवं. मी फोनच्या चौकटीत सगळी मावतात का ते बघत असतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. समग्र शिक्षाच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, डागडुजी, वीजबिल, आणि कौलं फुटली तर कौलं. त्यात टीव्ही दुरुस्त करायला काय उरतं? आमच्याकडे जूनपासून हवेतच पाणी असतं. प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते. वीज कडाडली की पहिल्यांदा धाव घेऊन तार काढायची, हे मुलांनाही पाठ आहे. डीपी उडाला तर चार-चार दिवस अंधार. दोन वर्षांपूर्वी टीव्हीचा पडदा काळा पडला तेव्हा तो गोधडीत गुंडाळून एसटीने तालुक्याला नेला, दुरुस्तीचे पैसे बाईंनी आणि मी अर्धे-अर्धे घातले, आणि परत आणताना एसटी चुकली म्हणून रात्र स्टँडवर काढली. त्या रात्रीही तू आला होतास: आपल्या शाळेतील डिजिटल साधने सुस्थितीत आहेत काय? होय/नाही. ‘होय’ लिहिलं. ‘एसटी स्टँडवर आहे’ असं लिहायला रकाना नव्हता.

‘नाही’ लिहिलं की त्याचं पुढे काय होतं ते मला एकदा बघायचं आहे. आजवर इतक्यांदा ‘नाही’ लिहिलं, पण त्याचं उत्तर म्हणून पेचकस घेतलेला माणूस शाळेच्या पायरीवर आला, असं एकदाही झालं नाही. माझं मागणं तेवढंच आहे: तालुक्याला एक माणूस, दुचाकी, पेचकस, थोडे सुटे भाग. पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या शाळांना हजारो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की मुलांच्या गणितात आणि भाषेत त्यामुळे काही सुधारणा झाली नव्हती. यंत्र पोचलं होतं; ते वर्गात कसं वापरायचं याची सोबत शिक्षकाला पोचली नव्हती. आपल्याला ते शिकायला पेरूला जायची गरज नाही, आपल्याच ८००० कक्षांत तो धडा आहे.

आपला जिल्हा मोठं काही करू शकतो हे मी पाहिलं आहे. रत्नागिरी जिल्हा परिषदेने निवडक मुलांना इस्रो दाखवायला नेलं, काहींना थेट अमेरिकेत नासापर्यंत नेलं. वाडीवरचं पोर विमानात बसलं, रॉकेट बघून आलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कुणापुढेही सांगीन. ज्या जिल्ह्याला नासा लांब वाटलं नाही, त्याला माझ्या शाळेची पाखाडी लांब वाटू नये.

तुझ्यामागे माणूस कोण, हेही मी शोधून पाहिलं. केंद्रप्रमुखांना विचारलं. ते दोन-दोन केंद्रं सांभाळतात, गाडीवरून उतरायला त्यांना वेळ नाही. म्हणाले, “गुरुजी, मी काय करू? वरून आलंय.” वर विचारलं, तिथेही वरूनच आलं होतं. प्रत्येक पायरीवर एक थकलेला माणूस आणि त्याच्या हातात तू. तुला पहिल्यांदा लिहिलं कुणी, ते मला सापडलं नाही. म्हणून मी कुणा साहेबाला शिवी देत नाही. गुन्हेगार म्हणून तुलाच समोर धरतो.

आणि तुझं नाव तू कसं नासवलंस ते ऐक. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी चिपळुणात शिरली. लोक माळ्यावर, छपरावर चढून बसले. माझी बहीण तिथे दिली आहे. त्या दिवशी मी दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो, कुणाचाही एक शब्द येईल म्हणून. फोन लागत नव्हते. तातडी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं: पाणी गळ्याशी आलेलं असतं आणि हाक पोचत नाही. त्यानंतर आम्ही शिक्षक चिखल काढायला गेलो, धान्य वाटायला गेलो, कुणी आदेश काढायची वाट बघितली नाही. पुरात भिजलेल्या शाळांतून संगणक उचलून बाहेर काढले तेव्हा त्यांच्यातून लाल पाणी गळत होतं. असा शब्द तो. आणि तू तो रांगोळी स्पर्धेच्या फोटोंवर लावतोस.

२०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्या झाल्या आणि या जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम गेले. कित्येक वर्गांना शिक्षक उरला नाही. स्थानिक डी.एड. झालेली मुलं-मुली तात्पुरत्या मानधनावर घेतली गेली. शेजारच्या वाडीवर अशी एक पोरगी आली होती. तिला फोनमधलं सगळं येत होतं. तिने मुलांकडून आजीच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून घेतल्या, आमच्या बोलीतल्या, आणि त्याच गोष्टी मुलांना लिहायला लावल्या. चौथीतली न बोलणारी पोरं तिच्या फोनसमोर बोलायला लागली. मी जाऊन एक तास बसून आलो; माझ्या वीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. दोन महिन्यांनी भेटली तर म्हणाली, “गुरुजी, आता नाही होत. सगळ्या लिंका मलाच भरायला देतात. म्हणतात, तुला येतं ना.” ज्याला येतं त्याच्यावर तू सगळ्यात आधी बसतोस. फोन न येणारा सुखी, आणि शिकलेला शिक्षा भोगतो, असं होत असेल तर कोण शिकेल? तिचं मानधन संपलं, ती गेली. त्या आजींच्या गोष्टी कुठल्या फोनमध्ये आहेत कुणास ठाऊक. तुझ्या कुठल्याच रकान्यात त्या बसत नव्हत्या.

एवढं सगळं असूनही मी फोन टीव्हीला जोडायचं सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही. दुसऱ्या बाईंनी यंदा पावसाचं माप घ्यायला सुरुवात केली आहे. मुलं रोज बाटलीतलं पाणी मोजतात, फोनमध्ये आकडा टाकतात, महिन्याचा आलेख टीव्हीवर बघतात. परवा एका आजोबांनी येऊन तो आलेख पाहिला. गेल्या महिन्यापासून आम्ही दोघांनी ठरवलं आहे: अकरा ते एक तुझ्यासाठी फोन बंद. वायफळ धीटपणा म्हणून नव्हे. केंद्रप्रमुखांना तसं लेखी दिलं आहे. त्यांनी वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “बरं.”

हत्तीचं काम अजून बाकी आहे. श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा तो खऱ्या मापाने काढू, असं मुलांनीच ठरवलं. काथ्याची दोरी, चुन्याची फक्की, फोनमधलं चित्र बघून एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी खुंट्या ठोकायच्या. शाळेचं अंगण १८ मीटरला पुरलं नाही. सोंड आणि पुढचे पाय अंगणात आले, पाठ बांधापर्यंत गेली. मागच्या पायांसाठी शेजारच्या काकांनी आपली कापणी झाल्यावर मळा वापरायला देतो म्हणून सांगितलं आहे. कापणी दसऱ्याच्या सुमारास होईल. तेव्हा तिसरीतली ती मुलगी आंब्यावर चढून वरून बघणार आहे, हत्ती नीट आला की नाही ते. चुना भिजत घातला आहे. आम्ही सगळे मळ्यात असू. तिथे रेंज येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतला
एक शिक्षक